ईतूला, गाडीखाली शिरण्याआधी

इंजिन सुरू करायचं तर आधी दार सताड उघड.
बाहेर उणे बावीस आहे, ठाऊक आहे मला.
फटीवर भागत नाही.
धुराला वास असतो, त्यातल्या मारेकऱ्याला नसतो.
थंडी बरी. ती निदान चावून सांगते.

आत आणलीस? बंद कर. आता मागची चाकं थोपव,
ते बर्चचे ठोकळे घे, खिडकीखालचे.
वैको एकदा सॉनाच्या चुलीत घालायला निघाला होता ते.
चाकाचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच सैल कर,
काढू नकोस, नुसते कुरकुरू देत.
अधांतरी चाक तुझ्याबरोबर फिरत राहील
आणि तू त्याच्याशी भांडत बसशील.

मग जॅक.
जॅक उचलायला असतो, पेलायला नाही.
म्हण.
पुन्हा म्हण.
पेलायला हे दोन स्टँड. ते लावलेस
की खांद्यानं गाडीला एक धक्का दे,
पडायचीच असेल तर तू बाहेर असताना पडू दे.
केमीच्या कागद कारखान्यात एकतीस वर्षं
मी यंत्रं उघडली आणि मिटली.
घाई करणारे तिथेही होते.
जेवणाच्या सुट्टीत ते डाव्या हातानं सूप प्यायचे.

खालचा बोल्ट हलत नाही म्हणतोस?
कसा हलेल. वीस हिवाळे
रस्त्याचं मीठ खाल्लंय त्यानं,
खाल्ल्या मिठाला जागतोय.
काल रात्रीच तेल सोडून ठेव म्हटलं होतं.
नाही ना सोडलंस?
मग आता सोड, आणि चल, कॉफी पिऊ.
हातोडीनं जे होत नाही
ते पुष्कळदा कॉफीनं होतं.

(दुसरा कप. तू तुझ्या मैत्रिणीबद्दल काहीच बोलत नाहीस.
मी विचारत नाही. यालाही तेल मुरावं लागतं.)

बघ, आला की नाही!
आता कॅलिपर. रबरी नळीवर लोंबकळू देऊ नकोस त्याला,
तारेनं बांध वर, त्या स्प्रिंगला.
निघेल तो प्रत्येक तुकडा अंड्यांच्या पुठ्ठ्यात,
ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं.
आणि दहाचा पाना खिशात ठेव.
बाकी सगळे पाने घरात राहतात,
दहाचा तेवढा परागंदा होतो.

छान. हात दाखव. रक्त आहे, फार नाही.
बोल्ट आवळताना समोरासमोरचे घे,
शेजारचा शेजारी नको.
आणि निघायच्या आधी, ईतू, ऐक,
ब्रेकचा पेडल दाबत राहा, कडक लागेपर्यंत.
पहिल्या दाबाला तो रिकामाच खाली जातो.
हे विसरलेला माणूस थेट माझ्या कुंपणात आला होता.
त्याच्याशीच मग मी लग्न केलं.

आता का थांबलास?
उरला? एक बोल्ट उरला?
चेहरा पांढरा पडलाय तुझा. पुठ्ठा मोज.
सगळी भोकं रिकामी? मग हा कुठून आला?
दे इकडे. दिव्याखाली धर.

हा तुझ्या व्होल्वोचा नाही.
याचे आटे बघ, डोक्यावरचा हा ओरखडा बघ.
हा वैकोच्या साबचा आहे.
अख्खा एक उन्हाळा तो रांगत होता या फरशीवर,
लोहचुंबक दोरीला बांधून,
मध्यरात्रीच्या उन्हातसुद्धा,
आणि मी दारातून म्हणायची,
अरे, दुकानात नवा मिळतो दोन मार्कांना.
साब विकली. मार्क गेले. वैको गेला.
हा कुठे होता इतके दिवस?

नाही, तुला नाही देणार.
जा तू. पेडल दाब आधी.
पहिल्या वळणापर्यंत हळू जा,
पन्नास किलोमीटर झाले की परत ये,
चाकाचे बोल्ट पुन्हा आवळायचे असतात.
दार मी लावून घेईन.